व्हेन्व केलं तरी ग्लोबल पॅकेजेस आत दिसतायत (विंडोज)

एक्सेलग्रस्त
नमस्कार मंडळी. आधीच सांगते मी प्रोग्रामर नाही, लोअर परळला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. आमच्याकडून सोडून गेलेल्या एका मुलाने पायथनमधे स्क्रिप्ट लिहून ठेवलीय, रोजच्या विक्रीच्या बत्तीस एक्सेल फायली एकत्र करून रिपोर्ट काढणारी, आणि आता ती माझ्या गळ्यात पडलीय. ती नव्या पांडासवर (एक्सेलसारखी टेबलं हाताळणारं पायथनचं पॅकेज) चालत नाही, अपेंड (टेबलाला ओळी जोडणारी कमांड) सापडत नाही म्हणते. शोधल्यावर कळलं की २०२३ साली पांडास २.० आलं त्यात ते अपेंड काढूनच टाकलंय, तर जुनं १.५.३ टाका.

पण माझी स्वतःची घरखर्चाची एक छोटी स्क्रिप्ट आहे, तिला नवंच पांडास लागतं कारण ती एक्सेल वाचायला कॅलमाइन वापरते. म्हणून शहाण्यासारखं व्हिडिओ बघून व्हेन्व केलं, म्हणजे एका प्रोजेक्टपुरती पॅकेजेसची वेगळी जागा, ग्लोबल म्हणजे सामाईक जागेपासून अलग. अ‍ॅक्टिव्हेट केलं, डावीकडे कंसात डॉट व्हेन्व आलं, मग पिप इन्स्टॉल पांडास १.५.३ (पिप म्हणजे पॅकेजेस टाकणारी कमांड). ऑफिसची स्क्रिप्ट चालली. मी खूश. रात्री घरी येऊन घरखर्चाची चालवली तर ती मेली!! व्हेन्वच्या बाहेर होते तरी पांडास १.५.३ झालेलं. आणि कंस दिसत असताना पिप लिस्ट केलं तर १४३ पॅकेजेस, म्हणजे मी आजवर जे काही टाकलंय ते सगळं. मग वेगळं काय झालं? विंडोज ११, पायथन ३.११.

साडेआठची_विरार
डब्यावर पाटी फर्स्ट क्लासची, आत सगळेच. यात नवीन काय आहे ताई, आम्ही रोज असाच प्रवास करतो.

बोरिवलीचा_बिबट्या
कॅलमाइन म्हणजे ते घामोळ्यांना लावायचं गुलाबी लोशन ना?

एक्सेलग्रस्त
@बिबट्या, मलाही आधी तेच वाटलं होतं. एक्सेल फायली भराभर वाचणारं इंजिन आहे ते, पांडास २.२ पासून चालतं.

टंकनिका
पहिला संशय एकाच गोष्टीवर. तुमच्या डॉट व्हेन्व फोल्डरमधे पायव्हेन्व डॉट सीएफजी नावाची बारकी फाइल असेल, नोटपॅडमधे उघडा. त्यात इन्क्लूड सिस्टिम साइट पॅकेजेस अशी ओळ असते. तिथे फॉल्स हवं. ट्रू असेल तर व्हेन्वला तुम्हीच सांगितलंय की बाहेरचं सगळं पण दिसू दे. पायचार्म या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमधे नवीन प्रोजेक्ट करताना एक टिकमार्क असतो इनहेरिट ग्लोबल असं काहीतरी, तो लोक चुकून दाबतात आणि मग वर्षभर कपाळाला हात.

मुलुंडकर_काका
मी गेली दहा वर्षं सगळं ग्लोबलमधेच टाकतोय, काहीही बिघडलेलं नाही. हे व्हेन्व वगैरे मोठ्या कंपन्यांची थेरं आहेत. घरच्या एका लॅपटॉपवर दोन स्क्रिप्टांसाठी दोन संसार मांडायचे? ऑफिसची स्क्रिप्टच सुधारून घ्या, अपेंडच्या जागी कॉनकॅट लिहायचं, पाच मिनिटांचं काम.

पिठलं_भाकरी
काका, पाच मिनिटांचं काम म्हणणाऱ्या माणसाला ते काम कधीच करावं लागत नाही. दुसऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट, त्यात अपेंड किती ठिकाणी आहे माहीत नाही, रिपोर्ट सकाळी साहेबांच्या टेबलावर जातो, आणि एक आकडा चुकला तर बोलणी कोणाला बसणार, ताईंना. चालतंय ते जुन्या पांडासवर चालू द्या आणि सवडीने बदला. त्यासाठीच तर व्हेन्व आहे.

आणि दहा वर्षं काही बिघडलं नाही म्हणजे दहा वर्षं काही अपडेटच केलं नसेल.

मुलुंडकर_काका
अपडेट कशाला करायचं चालू असलेल्या गोष्टीला?

पेंग्विन_दादर
लिनक्सवर या. डेबियन १२ पासून ग्लोबलमधे पिप इन्स्टॉल करायला गेलात तर सरळ नाही म्हणतं, एक्स्टर्नली मॅनेज्ड आहे, व्हेन्व करा असं तोंडावर सांगतं. विंडोजवाला बिचारा काही न बोलता वाट्टेल तिथे टाकून मोकळा.

साडेआठची_विरार
आला का पेंग्विन. धागा निघून तास झाला नव्हता.

एक्सेलग्रस्त
@टंकनिका, बघितलं. फॉल्सच आहे. :(
@पेंग्विन_दादर, ऑफिसचा लॅपटॉप आहे हो, त्यावर लिनक्स टाकलं तर मलाच बाहेर टाकतील.

खिडकीतला_कावळा
मग पायथनपाथ बघा. माझा किस्सा सांगतो. मी नकाशांचं काम करतो, लॅपटॉपवर एक जुनं सॉफ्टवेअर होतं, त्याने इन्स्टॉल होताना गुपचूप पायथनपाथ नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करून ठेवलेला, स्वतःच्या पोटातल्या लायब्रऱ्यांकडे बोट दाखवणारा. आता गंमत अशी की व्हेन्व हे ग्लोबलच्या साइट पॅकेजेसपासून (टाकलेली पॅकेजेस जिथे पडतात ते फोल्डर) वेगळं करतं, पायथनपाथपासून नाही. त्यात जे फोल्डर लिहिलेत ते प्रत्येक पायथनला दिसतात, व्हेन्वमधला असो की बाहेरचा, आणि वर ते व्हेन्वच्या पॅकेजेसच्या आधी शोधले जातात. म्हणजे मी व्हेन्वमधे नवं नम्पाय (आकडेमोडीचं पॅकेज) टाकतोय आणि चालतंय मात्र त्या सॉफ्टवेअरच्या पोटातलं जुनाट. तीन रात्री गेल्या माझ्या. तीन वेळा व्हेन्व उडवून परत केलं, पायथन काढून परत टाकला, शेवटी लॅमिंग्टन रोडला जाऊन नवीन एसएसडी घेणार होतो म्हणजे बघा डोकं किती फिरलं असेल.

सीएमडीमधे (विंडोजची कमांड टाइप करायची काळी खिडकी) एको करून टक्के पायथनपाथ टक्के लिहा, काही आलं तर तोच चोर. पायथनला कॅपिटल आय चा फ्लॅग देऊन चालवलं की तो असे सगळे व्हेरिएबल आणि युजरवालं फोल्डर दुर्लक्षित करतो, तपासायला उत्तम.

एक्सेलग्रस्त
एको केलं तर मी जे लिहिलं तेच परत छापलं, टक्क्यांसकट. म्हणजे काय?

खिडकीतला_कावळा
म्हणजे तो व्हेरिएबल सेटच नाहीये. सीएमडी नसलेल्या व्हेरिएबलचं नाव तसंच्या तसं छापतं. चोर दुसरा आहे.

बोरिवलीचा_बिबट्या
एक बाळबोध प्रश्न, याचा उच्चार काय? व्हेन्व, वेनव्ह की वी-ई-एन-व्ही? आमच्या ऑफिसात एक जण व्हीनस म्हणतो.

सुगरण_मावशी
मी आपली पिंप म्हणते. आमच्या घाटकोपरच्या चाळीत सकाळी दीड तास पाणी येतं. गच्चीवरची टाकी सगळ्यांची, त्यात कोणी काय टाकलं तर सगळ्यांच्या नळाला तेच. म्हणून प्रत्येक घरात आपलं आपलं पिंप. ग्लोबल म्हणजे टाकी, व्हेन्व म्हणजे पिंप, आणि भरणारा तो पिप. मुलाने शिकवलं तेव्हा मी असंच लक्षात ठेवलं.

पिठलं_भाकरी
मावशी _/\_ पिप पिंप भरतो.

आळशी_अजगर
मावशींचं बरोबर आहे, फक्त एक भर घालतो. पायथनसोबत जी स्टँडर्ड लायब्ररी येते ती पिंपात नसते, ती टाकीचीच. व्हेन्वमधे पूर्ण पायथनची कॉपी नसते, विंडोजवर एक छोटा पायथन डॉट ईएक्सई असतो आणि सीएफजीमधे होम म्हणून मूळ पायथनचा पत्ता. त्यामुळे मूळ पायथन अनइन्स्टॉल केला की त्यावर केलेली सगळी व्हेन्व कोरडी पडतात.

पेंग्विन_दादर
पाणीपुरवठा खातं बंद करा आता, मूळ प्रश्न राहिलाय.

आळशी_अजगर
हो रे बाबा, ऑफिसातून आत्ता आलो, मधे कुर्ल्याला पाऊण तास गाडी उभी होती.

एक्सेलग्रस्त, तुम्ही सीएमडी वापरता की पॉवरशेल? आणि हे करून बघा. (कमांडा मराठीत लिहितोय कारण मोबाइलवर आहे आणि कीबोर्ड बदलायचा कंटाळा, तुम्ही अर्थातच रोमनमधे टाइप करा.)

व्हेन्व अ‍ॅक्टिव्हेट करा, कंस आला की:
व्हेअर पायथन
व्हेअर पिप

पॉवरशेलमधे नुसतं व्हेअर म्हणजे दुसरंच काहीतरी असतं, तिथे व्हेअर डॉट ईएक्सई लिहावं लागतं. जे काही छापेल ते ओळीच्या क्रमासकट इथे टाका, तुमचं नाव खोडून. कंस बघून काही ठरवू नका. तो कंस म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटच्या स्क्रिप्टने लावलेली पाटी आहे. आत कोण बसलंय हे त्या पाटीला माहीत नसतं.

साडेआठची_विरार
पाटीचं मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं याची नोंद घ्यावी.

एक्सेलग्रस्त
सीएमडी. व्हेअर पायथनला दोन ओळी आल्या, पहिली सी ड्राइव्ह, युजर्स, मी, अ‍ॅपडेटा, लोकल, प्रोग्राम्स, पायथन, पायथन३११. दुसरी विंडोजअ‍ॅप्स का काहीतरी. व्हेअर पिपला एकच, पायथन३११ च्या स्क्रिप्ट्समधला. डॉट व्हेन्वचा कुठेच उल्लेख नाही!! पण कंस दिसतोय हो, शपथ.

टंकनिका
अरेच्चा. मग एक विचारते, फोल्डरचं नाव बदललंत का मधे? किंवा दुसरीकडून उचलून इथे आणलंत का?

एक्सेलग्रस्त
हो... डेस्कटॉपवर न्यू फोल्डर नावाने केलेलं, त्यातच व्हेन्व केलं, मग नीट दिसावं म्हणून त्याचं नाव विक्री रिपोर्ट केलं. पण व्हेन्वला हात नाही लावला, बाहेरच्या फोल्डरचं नाव फक्त.

टंकनिका
सापडलं.

आळशी_अजगर
बरोबर टंकनिका, हेच.

सविस्तर सांगतो कारण हे फार लोकांना चावतं आणि विंडोज काही बोलतच नाही. अ‍ॅक्टिव्हेट करणे म्हणजे कसली मोठी जादू नाही, अ‍ॅक्टिव्हेट डॉट बॅट ही साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमधे उघडून बघा. ती मुख्यतः दोन कामं करते. एक, प्रॉम्प्टच्या आधी कंसात नाव लावते. दोन, पाथच्या (विंडोज प्रोग्राम ज्या फोल्डरांत शोधतो त्यांची यादी) सुरुवातीला तुमच्या व्हेन्वचं स्क्रिप्ट्स फोल्डर जोडते, म्हणजे पायथन म्हटल्यावर विंडोज आधी तिथे शोधेल. आता तो पत्ता व्हेन्व बनवताना त्या फाइलमधे पूर्णच्या पूर्ण लिहिला जातो, डेस्कटॉप, न्यू फोल्डर, डॉट व्हेन्व असा. तुम्ही बाहेरच्या फोल्डरचं नाव बदललं, फाइलमधला पत्ता तोच राहिला. आता पाथच्या सुरुवातीला जे फोल्डर जोडलं गेलं ते अस्तित्वातच नाही. विंडोजला पाथमधे नसलेलं फोल्डर दिसलं तर तो तक्रार करत नाही, पुढच्यावर जातो, आणि पुढचा तुमचा ग्लोबल पायथन. कंस मात्र लागला, कारण कंस लावायला फोल्डर असायची गरज नाही.

म्हणजे तुमच्या व्हेन्वमधे बाहेरची पॅकेजेस शिरलेलीच नाहीत. तुम्हीच व्हेन्वमधे गेला नव्हतात. १.५.३ टाकलंत ते थेट ग्लोबलमधे गेलं, म्हणून घरखर्च मेला.

खात्री करायची असेल तर अ‍ॅक्टिव्हेट न करता त्या फोल्डरमधून डॉट व्हेन्व, स्क्रिप्ट्स, पायथन असा पूर्ण रस्ता देऊन डॅश एम पिप लिस्ट करा. ३.११ आहे म्हणजे दोनच दिसतील, पिप आणि सेटअपटूल्स. ३.१२ पासून सेटअपटूल्स पण देत नाहीत, पिप एकटाच.

पॉवरशेलमधे हे झालं नसतं बहुतेक, कारण अ‍ॅक्टिव्हेट डॉट पीएसवन स्वतः कुठे ठेवलीय त्यावरून पत्ता काढते. पण ती चालवायला आधी एक्झिक्युशन पॉलिसी रिमोटसाइन्ड करावी लागते, तिथे नवीन माणूस अडतो आणि सीएमडीकडे परत येतो.

एक्सेलग्रस्त
दोनच आले!!! पिप आणि सेटअपटूल्स. रात्रीचे साडेबारा वाजलेत आणि मी एकटीच हसतेय, नवरा विचारतोय काय झालं, त्याला काय सांगू.

बोरिवलीचा_बिबट्या
सांगा की पत्ता बदलला पण पाटी तीच राहिली.

चुनाभट्टी_एक्सप्रेस
मग सोपं आहे, अ‍ॅक्टिव्हेट डॉट बॅटमधे नवीन पत्ता लिहून टाका, झालं.

आळशी_अजगर
नको. तेवढ्याने पायथन सुटेल पण स्क्रिप्ट्समधले पिप डॉट ईएक्सई वगैरे जे आहेत त्यांच्या पोटातही जुनाच पत्ता कोरलेला असतो. मग फेटल एरर इन लाँचर असं काहीतरी येतं आणि दुसरा धागा काढावा लागतो. व्हेन्व ही हलवायची वस्तूच नाही. डॉट व्हेन्व फोल्डर डिलीट करा आणि नव्याने बनवा, दोन मिनिटं लागतात. म्हणूनच व्हेन्वमधे स्वतःची फाइल एकही ठेवायची नाही, ते कधीही उडवता आलं पाहिजे.

आणि यापुढे नुसतं पिप न लिहिता पायथन डॅश एम पिप अशी सवय लावा. निदान जो पायथन चालतोय त्याच्याच घरात सामान पडतं. माझ्याकडे तर पिप रिक्वायर व्हर्च्युअलएन्व्ह हा व्हेरिएबल ट्रू करून ठेवलाय, व्हेन्व चालू नसेल तर पिप इन्स्टॉल करायला नकारच देतो. पेंग्विनसाहेब, विंडोजवर पण नाही म्हणवून घेता येतं, मागावं लागतं इतकंच.

पेंग्विन_दादर
मागावं लागतं हेच तर म्हणतोय मी.

चुनाभट्टी_एक्सप्रेस
बरं, चूक मान्य. पण मग मला सांगा, पाच प्रोजेक्ट म्हणजे पाच वेळा तेच पांडास आणि टॉर्च (एआयचं अवजड पॅकेज) डाउनलोड करायचं? माझ्याकडे २५६ जीबीची एसएसडी आहे आणि त्यातली अर्धी आईच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गुड मॉर्निंगने भरलीय. मी मुद्दाम ते सीएफजीमधलं इन्क्लूड सिस्टिम ट्रू ठेवतो, टॉर्च ग्लोबलमधे एकदा आणि बारीकसारीक व्हेन्वमधे.

टंकनिका
चालेल की, फक्त ते जाणूनबुजून केलेलं असावं. त्या पद्धतीतही व्हेन्वमधे टाकलेलं आधी सापडतं, ग्लोबलचं नंतर. अडचण एवढीच की तुमच्या प्रोजेक्टला नक्की काय लागतं हे तुम्हालाच कळत नाही, आणि दुसऱ्याच्या मशिनवर दिलं की रडारड.

डाउनलोड परत परत होत नाही पण, पिप कॅश ठेवतो. डिस्कवर मात्र प्रत्येक व्हेन्वमधे वेगळी कॉपी पडते. त्यासाठी यूव्ही (पिपसारखंच काम करणारं टूल) बघा, रस्टमधे लिहिलंय, २०२४ मधे आलं, ते कॅशमधल्या फायलींना हार्डलिंक करतं, म्हणजे पाच व्हेन्वला मिळून जागा साधारण एकाचीच. पण प्रोजेक्ट डी ड्राइव्हवर आणि कॅश सीवर असं असेल तर हार्डलिंक जमत नाही, कॉपीच होते. आमच्याकडे सगळ्यांनी डी ड्राइव्हवर प्रोजेक्ट ठेवलेले आणि जागा का वाचत नाही म्हणून यूव्हीला शिव्या घालत होते.

खिडकीतला_कावळा
कोंडावाले (पिप-व्हेन्वऐवजी वापरतात ते दुसरं टूल) कोणी असतील त्यांच्यासाठी आणखी एक खड्डा. कोंडाच्या एन्व्हायर्नमेंटमधे रोमिंगमधलं युजर साइट पॅकेजेस दिसतं. कधीतरी पिपला डॅश डॅश युजर देऊन काही टाकलेलं असेल तर ते तिथून डोकावत राहतं. साध्या व्हेन्वमधे फॉल्स असलं की युजरवालं पण बंद होतं, कोंडामधे नाही. पायथन नो युजर साइट हा व्हेरिएबल १ करावा लागतो.

एक्सेलग्रस्त
मंडळी परत आले. काल सांगितल्याप्रमाणे डॉट व्हेन्व उडवलं, नवीन केलं, व्हेअर पायथनला पहिली ओळ व्हेन्वचीच आली (आता कंसाकडे बघतच नाही). पांडास १.५.३ टाकलं, एक्सेल वाचायला ओपनपायएक्सेल टाकलं. स्क्रिप्ट चालवली तर इंपोर्ट पांडास वरच मेली. नम्पाय डॉट डीटाइप साइज चेंज्ड, बायनरी इनकम्पॅटिबिलिटी असं काहीतरी लांबलचक. ग्लोबलमधे हेच १.५.३ मस्त चाललं होतं!! आता मात्र काकांचं पटायला लागलंय.

मुलुंडकर_काका
:)

पिठलं_भाकरी
थांबा थांबा, काकांकडे जाऊ नका. नम्पाय कुठलं आलंय बघा, पांडास आतून त्याच्यावरच चालतं. २ पॉइंट काहीतरी असेल.

पांडास १.५.३ जानेवारी २०२३ चं, नम्पाय २ आलं जून २०२४ मधे. पांडास १.५.३ ने नम्पाय किमान किती हवं एवढंच लिहून ठेवलंय, जास्तीत जास्त किती ते नाही, कारण तेव्हा २ कुठे होतं. मग कोऱ्या व्हेन्वमधे पिपने काय केलं, सगळ्यात नवं उचलून आणलं, आणि ते जुन्या पांडासशी जुळत नाही. तुमच्या ग्लोबलमधे आधीपासून कुठलंतरी १.२६ वगैरे पडलेलं असणार, म्हणून तिथे चाललं. म्हणजे स्क्रिप्टला जुनं नम्पाय पण लागतं हे आजवर कोणालाच माहीत नव्हतं, १४३ च्या गर्दीत झाकलेलं होतं.

नम्पाय दोनच्या खालचं टाका. पण सीएमडीमधे पेक्षा-लहानची खूण असलेला भाग डबल कोटमधे लिहा, नाहीतर सीएमडीला वाटतं तुम्ही २ नावाच्या फाइलमधून इनपुट द्यायला सांगताय आणि फाइल सापडत नाही म्हणतं. यात मी एकदा अख्खा रविवार घालवलाय, मेगाब्लॉक होता म्हणून घरीच होतो.

एक्सेलग्रस्त
ग्लोबलमधे १.२६.४ आहे. तुम्ही ज्योतिषी आहात का? कोटमधे टाकलं. चाललं. बत्तीसच्या बत्तीस फायली. जुन्या रिपोर्टशी टॅली केलं, पैशाचा फरक नाही.

ग्लोबलचं पांडास परत नवं केलं, घरखर्च पण चालू. काका, सॉरी.

मुलुंडकर_काका
मी काही बोललो नाही.

टंकनिका
आता चालतंय तेव्हाच व्हेन्वच्या आत पिप फ्रीझ करून रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी मधे ठेवा, पुढच्या वेळी नव्या व्हेन्वमधे डॅश आर देऊन एका फटक्यात सगळं येईल. ग्लोबलमधे बसून फ्रीझ करू नका, १४३ ची यादी होईल. आणि नवीन व्हेन्व कधी केलंत तर पाय (विंडोजवरचा पायथन लाँचर) डॅश ३.११ ने करा, ३.१२ साठी पांडास १.५.३ चं तयार व्हील (आधीच बांधून ठेवलेलं पॅकेज) नाहीये, पिप ते सोर्समधून बांधायला बसेल आणि व्हिज्युअल सी प्लस प्लस मागेल.

आळशी_अजगर
पाय लाँचरचं निघालंच आहे तर, व्हेन्व चालू असताना नुसतं पाय लिहिलं तर तो व्हेन्वचा पायथन घेतो, पण पाय डॅश ३.११ असं आकड्यासकट लिहिलं की सरळ ग्लोबलवाला. म्हणून ते व्हेन्व बनवायलाच वापरायचं, आत शिरल्यावर नाही.

बोरिवलीचा_बिबट्या
व्हीएस कोडमधे मात्र टर्मिनलमधे एक पायथन आणि वरच्या त्रिकोणाच्या बटणावर दुसराच, असं माझं व्हायचं. खाली उजवीकडे इंटरप्रिटर निवडून डॉट व्हेन्ववाला घेतला की मिटतं. ज्युपिटरवाल्यांनी उद्गारचिन्ह लावून पिप करू नये, टक्के पिप करावं, म्हणजे चालू कर्नलच्याच पायथनमधे जातं.

एक्सेलग्रस्त
शेवटचं एक. हे रोज सकाळी नऊला आपोआप चालवायचंय, तेव्हा मी दादर पुलावर असते. टास्क शेड्युलरमधे आधी अ‍ॅक्टिव्हेट कसं करायचं?

आळशी_अजगर
अ‍ॅक्टिव्हेट करायचंच नाही. प्रोग्रामच्या जागी डॉट व्हेन्व, स्क्रिप्ट्स, पायथन डॉट ईएक्सई चा पूर्ण पत्ता, आर्ग्युमेंटमधे स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता, आणि स्टार्ट इन मधे प्रोजेक्टचं फोल्डर. पायथन स्वतःच्या बाजूची सीएफजी वाचून समजतो आपण कुठल्या व्हेन्वमधे आहोत. अ‍ॅक्टिव्हेट ही फक्त टाइप करणाऱ्या माणसाची सोय आहे.

एक्सेलग्रस्त
पाच दिवसांनी अपडेट. चार दिवस नीट चाललं. काल आमच्या साहेबांनी फोल्डरचं नाव बदलून विक्री रिपोर्ट फायनल केलं. पण यावेळी शेड्युलरने फाइल सापडत नाही म्हणून स्पष्ट एरर दिला, त्यामुळे दहा मिनिटांत कळलं. फोल्डरचं नाव परत पूर्वीचं केलं, चालू.

साडेआठची_विरार
साहेबांना व्हेन्वमधे टाका.

मुलुंडकर_काका
मंडळी, एक विचारायचं होतं, हसू नका. तुमचं वाचून सहज व्हेअर पायथन करून बघितलं. तीन ओळी आल्या. एक कोंडाची, एक पायथन३९, आणि एक ती विंडोजअ‍ॅप्सवाली. मी तर एकच टाकला होता असं आजवर समजत होतो. यातला माझा कुठला?

आळशी_अजगर
पहिला. शेवटचा म्हणजे नुसतं स्टोअर उघडणारा टोपणनावाचा ठोकळा असणार, सेटिंगमधे अ‍ॅप एक्झिक्युशन अलियास म्हणून आहे तिथून बंद करा.

मुलुंडकर_काका
पहिला म्हणजे कोंडा. आणि मी इतकी वर्षं ३९ मधे पॅकेजेस टाकतोय का?

आळशी_अजगर
व्हेअर पिप करून बघा काका.

मुलुंडकर_काका
जेवून येतो.